चीन, भारत आणि उगवत्या सत्तांचे सिद्धांत: नेमकं काय, कुठे आणि कसं लावायचं?

धुळ्याहून एम. ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: लघुशोधप्रबंधाचा विषय ‘उगवत्या सत्ता’ घेतलाय. चीनला थ्युसिडिडीसचा सापळा (उगवत्या सत्तेच्या भीतीने जुनी सत्ता युद्धाकडे ओढली जाते, ही अथेन्स-स्पार्टाच्या युद्धाचा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस याच्या नावाने ओळखली जाणारी कल्पना) लावावा, सत्तासंक्रमण लावावं की सत्तासंतुलन (वरचढ होणाऱ्याला इतरांनी मिळून तोलणं)? जीडीपी दाखवला की पुरतं का? आणि भारत या सगळ्यात नेमका कुठे बसतो?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एखाद्या देशाची ताकद वाढतेय का, हा एक. वाढलेल्या ताकदीचं तो काय करणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आकड्यांत शोधता येतं, दुसऱ्याचं येत नाही. सिद्धांतांचं खरं भांडण पहिल्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं याबद्दल आहे. परीक्षेतली निम्मी उत्तरं इथेच घसरतात: चार ओळी जीडीपीच्या, आणि पाचव्या ओळीत थेट ‘म्हणून संघर्ष अटळ’. मधली पायरी कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

आधी मोजमाप घेऊ. सत्तासंक्रमणाचा सिद्धांत ए. एफ. के. ऑर्गान्स्की यांनी १९५८ साली मांडला. जग ही एक उतरंड आहे, वर एक प्रबळ सत्ता, खाली मोठ्या, मध्यम आणि छोट्या सत्ता. औद्योगिकीकरणाने खालचा एखादा देश झपाट्याने वर येतो आणि तो व्यवस्थेवर नाराज असेल तर धोका निर्माण होतो. पुढच्या अभ्यासकांनी ‘बरोबरी’ची ढोबळ मर्यादा ठरवली: आव्हान देणाऱ्याची ताकद प्रबळ सत्तेच्या ८० टक्क्यांवर पोचली की पट्टा सुरू, १२० टक्क्यांच्या वर गेली की संपला. युद्धाची शक्यता या पट्ट्यात सगळ्यात जास्त.

आता त्यात चीन बसवून बघा. २०२४ चा बाजारभावाने जीडीपी घेतला तर अमेरिका साधारण २९ लाख कोटी डॉलर, चीन १८.७ लाख कोटी. म्हणजे ६४ टक्क्यांच्या आसपास. पट्टा अजून सुरूच झालेला नाही. उलट २०२१ मध्ये हे प्रमाण पाऊणपटीच्या आसपास होतं, ते खाली आलंय. हाच हिशेब क्रयशक्तीने, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक धरून (पीपीपीने) केला तर चीन २०१४ च्या सुमारासच अमेरिकेच्या पुढे गेला आणि आज १२० टक्क्यांच्याही वर आहे. म्हणजे पट्टा सुरू होऊन संपलासुद्धा. सिद्धांत तोच, देश तेच, आणि उत्तरं दोन टोकांची. म्हणून प्रबंधात ‘चीन अमेरिकेच्या बरोबरीला आला आहे’ असं वाक्य लिहिण्याआधी कोणत्या मापाने, कोणत्या वर्षी, हे त्याच वाक्यात लिहा. जपानही १९९५ च्या सुमारास बाजारभावाने अमेरिकेच्या सत्तर टक्क्यांच्या वर गेला होता. पुढे तो मागे पडला.

दुसरं माप म्हणजे ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाचा राष्ट्रीय क्षमतेचा संयुक्त निर्देशांक. त्यात सहा घटक असतात: एकूण लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलाद उत्पादन, ऊर्जेचा वापर, लष्करी खर्च आणि सैनिकांची संख्या. प्रत्येकात त्या देशाचा जगातला वाटा काढायचा आणि सहांची सरासरी घ्यायची. १९१४ च्या जगासाठी हे माप चांगलं आहे. आजसाठी मात्र सावध राहा. जगातलं निम्म्याहून जास्त कच्चं पोलाद एकटा चीन बनवतो, त्यामुळे त्याचा आकडा फुगतो. या मापाने तो १९९० च्या दशकातच अमेरिकेच्या पुढे गेलेला दिसतो. १९७० च्या दशकात सोव्हिएत संघही याच मापाने अमेरिकेच्या पुढे होता. वीस वर्षांत तो संघच उरला नाही.

मायकेल बेकली यांची दुरुस्ती इथे कामाला येते. ते म्हणतात, एकूण उत्पादन बघू नका; लोकसंख्या पोसण्यात, पोलीस-प्रशासनात, सीमा राखण्यात जे खर्ची पडतं ते वजा करून काय उरतं ते बघा. आपल्याकडे जिनिंगवाला गाडीतल्या कापसाचं नुसतं वजन बघत नाही, क्विंटलमागे रुई ३३ किलो उतरते की ३६, हे बघतो, तसंच हे. पहिल्या अफूच्या युद्धात, १८३९ ते १८४२ मध्ये, चीनची अर्थव्यवस्था आकाराने ब्रिटनपेक्षा मोठी होती आणि तरी चीन हरला. बेकलींचं सोपं सूत्र: जीडीपी गुणिले दरडोई जीडीपी. करून बघा. चीनचा जीडीपी अमेरिकेच्या ०.६४ पट, दरडोई साधारण १३,३०० विरुद्ध ८५,००० डॉलर, म्हणजे ०.१६ पट. गुणाकार ०.१०. भारताचा जीडीपी सुमारे ३.९ लाख कोटी डॉलर, दरडोई २,७०० च्या आसपास. गुणाकार ०.००४. म्हणजे या मापाने चीन अमेरिकेच्या एक दशांश आणि भारत अर्ध्या टक्क्याच्याही खाली.

हे सूत्रही डोळे मिटून घेऊ नका. मोठ्या लोकसंख्येला ते जरा जास्तच कापतं. शिवाय अमेरिकेची ताकद जगभर पसरलेली आहे आणि चीनची एका सामुद्रधुनीसमोर एकवटलेली. तैवान चीनच्या किनाऱ्यापासून दीडेकशे किलोमीटरवर आहे, अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून साधारण दहा हजार. जागतिक सरासरीत दुबळा दिसणारा देश एका विशिष्ट ठिकाणी वरचढ असू शकतो.

आता दुसरा प्रश्न, हेतूचा. इथे ‘वास्तववाद (राज्यांची ताकद आणि सुरक्षा केंद्रस्थानी ठेवणारा विचार) असं म्हणतो’ हे वाक्य टाळाच, कारण वास्तववाद्यांत एकमत नाही. जॉन मियरशायमर (२००१) यांच्या मते हेतू बघायची गरजच नाही. अराजक जगात, म्हणजे राज्यांच्या वर कुणी सत्ताधारी नसलेल्या जगात, उद्याचा हेतू कुणालाच कळत नाही, म्हणून प्रत्येक मोठी सत्ता आपल्या प्रदेशात वर्चस्व मिळवायला जाते आणि दुसऱ्याच्या प्रदेशात तसं होऊ देत नाही. याच वळणाचा विचार ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या आयर क्रो यांनी जानेवारी १९०७ च्या टिपणात जर्मनीबद्दल केला होता: जर्मनी ठरवून वर्चस्व मागत असेल किंवा नसेल, एवढं आरमार उभं राहिलं की ब्रिटनला धोका तोच. रॉबर्ट गिल्पिन (१९८१) हिशेबी आहेत. व्यवस्था बदलण्याचा फायदा खर्चापेक्षा जास्त दिसला तरच उगवती सत्ता हात घालते, आणि प्रबळ सत्तेची अडचण अशी की व्यवस्था सांभाळण्याचा खर्च वाढत जातो, उत्पन्न त्या मानाने वाढत नाही. ऑर्गान्स्कींच्या मांडणीत मात्र समाधान-असमाधान हा मध्यवर्ती भाग आहे. तो काढून टाकला तर उरते फक्त बरोबरी, आणि तो ऑर्गान्स्कींचा सिद्धांत राहत नाही. स्टीफन वॉल्ट (१९८७) म्हणतात, देश ताकदीला नव्हे, धोक्याला तोलतात. आणि धोका चार गोष्टींचा बनतो: एकूण ताकद, जवळीक, आक्रमक क्षमता आणि समोरच्याला वाटणारा हेतू.

डेल कोपलंड (२०००) यांनी तर प्रश्नच उलटा केला. युद्ध सुरू करतो तो बऱ्याचदा उगवणारा नसतो, मावळणारा असतो, कारण आज लढलो नाही तर उद्या आणखी दुबळे होऊ ही भीती त्याला असते. हा फरक लक्षात ठेवायला १९१४ पुरेसं आहे. सत्तासंक्रमणवाले म्हणतील, उगवता जर्मनी ब्रिटनला गाठून पुढे गेला, म्हणून युद्ध. कोपलंड म्हणतील, जर्मनीच धास्तावलेला होता; रशियाचा लष्करवाढीचा मोठा कार्यक्रम १९१७ पर्यंत पुरा होणार होता आणि त्यानंतर रशियाला रोखणं अशक्य आहे असं बर्लिनच्या सेनापतींचं मत होतं. म्हणजे त्याच युद्धात एका सिद्धांताने जर्मनी उगवती सत्ता, दुसऱ्याने मावळती. कोण कुणाच्या तुलनेत, हे आधी न ठरवता लिहिलं की प्रबंध इथेच विस्कटतो.

मार्गदर्शकाला आवडेल असा एक बारकावा सांगतो. आव्हान देणारा बरोबरी गाठण्याआधी हल्ला करतो की ओलांडल्यावर? १९५८ च्या ऑर्गान्स्कींना वाटलं, आधी. १९८० मध्ये त्यांनी जॅसेक कुगलर यांच्याबरोबर आकडे तपासले तेव्हा निघालं, नंतर. बरीच मार्गदर्शक पुस्तकं दोन्ही मतं एकाच परिच्छेदात, विरोधाची दखल न घेता छापतात.

थ्युसिडिडीसचा सापळा लोकप्रिय आहे, म्हणूनच त्याच्याकडे जास्त संशयाने बघा. ग्रॅहम ॲलिसन यांनी गेल्या पाचशे वर्षांतली १६ उदाहरणं घेतली, त्यांतली १२ युद्धात संपली, ४ टळली. ‘७५ टक्के शक्यता’ असं त्यावरून लिहिणं चुकीचं आहे. ही १६ म्हणजे यादृच्छिक नमुना नव्हे. एक उदाहरण कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे लेखकाने ठरवलंय. आणि मूळ कथेतही अथेन्स-स्पार्टा सुरुवातीला थेट भिडले नाहीत. कोर्सिरा आणि पोटिडिया इथल्या भांडणांत स्पार्टाचं दोस्त नगरराज्य कॉरिंथ अडकलं, मेगारावर अथेन्सने व्यापारबंदी घातली, आणि दोस्तांच्या, त्यातही कॉरिंथच्या रेट्याने इ. स. पू. ४३१ मध्ये स्पार्टा युद्धात उतरलं. सापळा वापरायचाच असेल तर हा भाग वापरा. आजचं कॉरिंथ कोण? अमेरिकेशी १९५१ पासून संरक्षण करार असलेलं फिलिपिन्स, की तैवान? तिसऱ्याच्या भांडणात दोन मोठे ओढले जाणं हा यातला सगळ्यात उपयोगी धडा आहे, आणि तोच बहुतेकजण गाळतात.

युद्ध टळलेलं उदाहरण म्हणजे ब्रिटन-अमेरिका. ‘दोघे इंग्रजी बोलणारे, लोकशाहीवादी’ एवढ्यावर ते आटोपू नका. १८९५ च्या व्हेनेझुएला सीमावादात दोघांत युद्धाची भाषा झाली होती. त्यानंतर ब्रिटनने एकेक पाऊल मागे घेतलं: १९०१ च्या हे-पॉन्सफोट कराराने मध्य अमेरिकेतला कालवा अमेरिकेने एकटीने बांधावा हे मान्य केलं, १९०३ च्या अलास्का सीमानिवाड्यात कॅनडाची बाजू पडली. का? जर्मनीचे आरमारी कायदे १८९८ आणि १९०० चे. तो धोका दारात होता. अमेरिका समुद्रापलीकडे होती आणि कॅनडा तिच्या तावडीत. वॉल्ट यांची ‘जवळीक’ इथे नीट लागू होते. स्टेसी गॉडार्ड यांचं म्हणणं याला जोड म्हणून घ्या: उगवती सत्ता आपल्या मागण्या कोणत्या तत्त्वाच्या नावाने मांडते, आणि ते तत्त्व समोरच्याला पटण्यासारखं असतं का, यावर समोरचा सामावून घेतो की अडवतो हे ठरतं.

रचनावाद्यांचा (धोका आणि हित हे कल्पनांतून, ओळखीतून घडतात असं मानणाऱ्यांचा) मुद्दा परीक्षेत एका ओळीत उरकला जातो, ते बरोबर नाही. अलेक्झांडर वेंट यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: अमेरिकेला ब्रिटनची ५०० अण्वस्त्रं उत्तर कोरियाच्या ५ अस्त्रांपेक्षा कमी धोक्याची वाटतात. पण उगवत्या सत्तांसाठी जास्त कामाचं लेखन प्रतिष्ठेवरचं आहे. डेबोरा लार्सन आणि अलेक्सी शेवचेन्को तीन वाटा सांगतात: वरच्यांच्या क्लबात शिरणं, त्यांना त्यांच्याच क्षेत्रात हरवणं, किंवा मोठेपणाची नवी कसोटीच उभी करणं. चीनने २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत जाणं, ही पहिली वाट. नेहरूंच्या काळातली अलिप्तता, ही तिसरी.

समाधान-असमाधान मोजायचं कसं, हा तुमच्या कामाचा सगळ्यात कठीण भाग. जुनी पद्धत म्हणजे प्रबळ सत्तेशी मित्रराष्ट्रांची यादी किती जुळते किंवा संयुक्त राष्ट्रांतली मतं किती जुळतात हे बघणं. भारतावर ती लावून बघा, लगेच फसते. भारताचं मतदान आमसभेत अमेरिकेशी फारच कमी जुळतं, आणि भारत क्वाडमध्येही (अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्या गटात) आहे. म्हणून प्रश्नवार जा.

चीनचंच घ्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत अमेरिकेची मतं साधारण साडेसोळा टक्के, चीनची सहा. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के लागतात, म्हणजे नकाराधिकार एकट्या अमेरिकेकडे. कोटा, म्हणजे ज्यावरून मतं ठरतात तो सदस्यांचा भांडवली वाटा, वाढवण्याचा निर्णय २०१० मध्ये झाला, पण अमेरिकी काँग्रेसने अडवून ठेवल्याने तो लागू व्हायला २०१६ उजाडलं. त्याच जानेवारीत चीनच्या पुढाकाराने आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक सुरू झाली. जॉन आयकेनबरी म्हणतात की उदारमतवादी व्यवस्थेत शिरणं सोपं आणि ती उलथणं अवघड. दरवाजा उघडायला इतकी वर्षं लागली की काय होतं, ते इथे दिसतं. तरी नवीन बँकेचे नियम जागतिक बँकेच्या वळणाचेच निघाले आणि तिचा दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक भारत आहे. आता दुसरा प्रश्न: दक्षिण चीन समुद्र. ज्या समुद्री कायद्याच्या कराराला चीनने १९९६ मध्ये मान्यता दिली, त्याखालचा २०१६ चा फिलिपिन्सच्या बाजूचा निवाडा त्याने साफ फेटाळला. तर मग चीन समाधानी की असमाधानी? वित्तसंस्थांत वाटा मागणारा, समुद्रात नियम झुगारणारा. दोन्ही रकान्यांत वेगळं उत्तर लिहायला घाबरू नका.

उगवत्या सत्तेच्या शेजारी राहणाऱ्यांचं काय होतं, हा भाग पुस्तकांत दुय्यम असतो. त्यासाठी उदाहरण शोधायला युरोपात जायची गरज नाही. थाळनेरहून सुरू झालेलं आणि पुढे बुऱ्हाणपूरला गेलेलं फारुकी राज्य घ्या. गुजरात, माळवा आणि दख्खनच्या सुलतानांच्या मधे अडकलेलं हे छोटं राज्य दोनशे वर्षं टिकलं ते कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे झुकून. अकबराने १५६२ च्या सुमारास माळवा घेतला, १५७३ मध्ये गुजरात. तोलायला उरलं कोण? छोटा देश बलवानाला तोलण्याऐवजी त्याच्या मागे का जातो याची वॉल्ट यांनी दिलेली दुबळेपणा, जवळीक आणि दोस्तांचा अभाव ही तिन्ही कारणं एकत्र आली. राजा अली खानाने मुघलांचं वर्चस्व मानलं आणि १५९७ मध्ये गोदावरीकाठी आष्टीच्या लढाईत त्यांच्या बाजूने लढता लढता तो मारला गेला. लढाईच्या गोंधळात, तो शत्रूला मिळाला असावा या संशयाने मुघल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. बलवानाच्या मागे जाण्यातला धोका याहून स्पष्ट कुठे दिसणार? मुलगा बहादूरखान याने एकट्याने अडून बघितलं. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मुघल सुभा झाला. एवढं मात्र जपा: मध्ययुगीन सुभे-मांडलिकांची उतरंड म्हणजे आजची सार्वभौम राज्यांची व्यवस्था नव्हे. उदाहरण तळटीपेत चालेल, पुरावा म्हणून नाही.

भारताची जागा दुहेरी आहे आणि तीच अभ्यासायला रंजक आहे. चीनकडे बघताना भारत दुबळी बाजू सावरणारा: क्वाड २०१७ मध्ये पुन्हा उभा राहिला, २०२० मध्ये गलवान झालं, आणि तरीही ब्रिक्स आणि शांघाय सहकार्य संघटनेत भारत आहेच. याला हेजिंग म्हणतात, म्हणजे दोन्हीकडे पाय ठेवून धोका कमी करणं. संतुलन म्हणू नका. नेपाळ-श्रीलंकेकडून बघा, की भारत हीच जवळची, मोठी, उगवती सत्ता. २०१५ मध्ये भारत-नेपाळ सीमेवर मालवाहतूक महिनोन्महिने अडली आणि मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन (ट्रान्झिट) करार केला. तोलण्याची क्रिया तीच, फक्त यावेळी तोलला जाणारा भारत. मंजरी चटर्जी मिलर (२०२१) यांच्या मांडणीत ताकद वाढूनही महासत्तेची भूमिका स्वतःहून न मागणारे देश ‘संकोची’ ठरतात, आणि भारत त्यांत येतो. पैसा आणि सैन्य असून चालत नाही, मोठेपणाची कल्पना देशातल्या धोरणकर्त्यांच्या बोलण्यात असावी लागते. मला हे अर्धंच पटतं. दरडोई २,७०० डॉलरच्या देशाने संकोच केला तर त्याला कल्पनेचा अभाव म्हणायचं की हिशेब?

शिवाय उगवत्या सत्तेवरही दाब टाकता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, आणि कापड उद्योगाला आधार म्हणून भारत सरकारने त्याच महिन्यात कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं. वॉशिंग्टनचा निर्णय जळगावच्या कापूस बाजारात भावाची चर्चा बनून येतो. कोहेन आणि नाय यांचं विषम परस्परावलंबन (दोघे एकमेकांवर अवलंबून, पण एकाला गरज जास्त) शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

आता कामाचं. विषय ‘उगवत्या सत्ता’ एवढा ठेवू नका. एक जोडी, एक प्रश्न आणि वीस ते तीस वर्षं घ्या. उदाहरणार्थ, ‘भारत-चीन आणि बहुपक्षीय वित्तसंस्था, २००० ते २०२४’. ताकदीसाठी किमान दोन मापं शेजारी ठेवा. जीडीपीची मालिका काढताना चालू डॉलर (त्या-त्या वर्षीच्या भावाने) आणि स्थिर डॉलर (महागाई वगळून) मिसळू नका; रुपया घसरला की चालू डॉलरमधला भारत आकसतो आणि विद्यार्थी तिथे ‘सत्तेचा ऱ्हास’ शोधत बसतात. १९५० च्या मागे जायचं असेल तर मॅडिसन प्रकल्पाची आकडेवारी घ्या. लष्करी खर्च सिप्री या स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेकडून घ्या, सरकारी घोषणेतून नाही. २०२४ साठी तिथे अमेरिका ९९७ अब्ज, चीन अंदाजे ३१४ अब्ज आणि भारत ८६ अब्ज डॉलर आहे. समाधानासाठी प्रत्येक संस्थेचा वेगळा रकाना करा: सदस्यत्व, मताधिकार, पाळलेले निवाडे, मोडलेले निवाडे, उभ्या केलेल्या पर्यायी संस्था. मग दोन सिद्धांत निवडा, ज्यांची भाकितं या रकान्यांबद्दल एकमेकांविरुद्ध जातात. मियरशायमर आणि आयकेनबरी ही जोडी सोपी पडेल, कोपलंड आणि ऑर्गान्स्की जास्त कस लावेल. पाच सिद्धांत एका प्रकरणात कोंबले तर तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न येईल की यांतला एखादा खोटा ठरला असता, तर ते तुम्हाला कोणत्या पुराव्याने कळलं असतं.